दारू सोडायची ठरलं, आता न्यायचं कुठे? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

शेवटचा घोट किती वाजता घेतला, ती वेळ आधी कागदावर लिहा. सरकारी की खासगी, बेळगाव की कोल्हापूर, हे सगळं त्यानंतर. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की पुढचे चार दिवस त्या वेळेपासून मोजायचे असतात, आणि दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

आपण ज्याला व्यसनमुक्ती म्हणतो त्यात दोन कामं आहेत. एक अंगातली दारू काढायची, दुसरं डोक्यातली. अंगातली काढायला साधारण पाच ते दहा दिवस लागतात, त्यासाठी डॉक्टर, नर्स आणि औषधं हवीत, आणि ते काम जवळात जवळच्या मोठ्या दवाखान्यात करावं. तिथे कन्नड बोलतात की मराठी, याने काही अडत नाही. डोक्यातली काढायला वर्षभर तरी धरा. ते काम बोलण्याचं, म्हणून ते आपल्या भाषेतच झालं पाहिजे, मग त्यासाठी सीमा ओलांडून जावं लागलं तरी जावं. आपल्याकडे बहुतेक घरं नेमकं उलटं करतात. पहिल्या चार दिवसांसाठी माणसाला जीपमध्ये घालून दोनशे किलोमीटरवरच्या केंद्रात पोहोचवतात आणि परत आल्यावर पुढच्या वर्षासाठी काहीच ठरवत नाहीत.

पहिले चार दिवस

समजा रात्री नऊला शेवटची क्वार्टर झाली. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास हात कापायला लागतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप मोडते. सकाळी चहा दिला तर कप बशीवर वाजतो. थोडी घेतली की ही थरथर थांबते, म्हणूनच तो उठल्याउठल्या दुकान गाठतो. पुढच्या दोन दिवसांत, म्हणजे शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत, फिट येऊ शकते. आधी कधी आली नसली तरी येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सगळ्यात मोठा धोका असतो. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, थोडक्यात डीटी.

डीटीमध्ये माणूस भिंतीवरच्या मुंग्या दाखवतो, अंगावर नसलेले किडे झटकतो, मेलेल्या चुलत्याशी गप्पा मारतो, मध्येच उठून बैल सोडायला निघतो. दिवस आहे की रात्र हे त्याला कळत नाही. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं, आणि गाडी देवऋष्याकडे वळते. अंगाला हात लावून बघा: ताप असतो, नाडी जोरात पळत असते, कपडे घामाने भिजलेले असतात. हा मेंदूचा आजार आहे आणि उपचाराविना त्यात जीव जातो. अंगारा नंतर लावा, आधी १०८ ला फोन करा.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, कापड, बोट काहीही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवून फिट थांबत नाही; ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर एक क्षण थांबू नका. आणि थांबली तरी त्या दिवशी दवाखान्यात नेलंच पाहिजे, कारण अशा फिटमागून डीटी येण्याची शक्यता वाढते.

आता प्रमाण. आपल्याकडची १८० मिलिची व्हिस्कीची बाटली किंवा पाकीट, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. डॉक्टर १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरतात. म्हणजे ‘फक्त एक क्वार्टर घेतो’ म्हणणारा रोज सहा ड्रिंक घेतो आणि दोन क्वार्टरवाला बारा. गावठीचं प्रमाण कोणी मोजत नसतं, तिथे ग्लास किती आणि दिवसातून किती वेळा हे सांगा.

रोज दोन क्वार्टर किंवा जास्त, सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट किंवा डीटी झालेली, कावीळ, रक्ताची उलटी, साठीच्या पुढचं वय, सोबत झोपेच्या गोळ्यांची सवय, किंवा घरी रात्री लक्ष ठेवायला कोणी नाही: यातलं एकही असेल तर घरी बंद करायचा प्रयोग करू नका, दाखल करा. बाकीच्यांना डॉक्टर घरी राहून गोळ्या देऊ शकतात, पण तेही रोज किंवा दिवसाआड दाखवायच्या अटीवर. आणि आज रात्री दवाखाना गाठणं शक्यच नसेल, तर डॉक्टरपर्यंत पोहोचेतोवर एकदम शून्यावर आणू नका. कपाटाला कुलूप लावून ‘आता बघतो कसा पितोस’ म्हणणं हे अशा माणसाच्या बाबतीत जिवाशी खेळ ठरू शकतं.

माळ घालणाऱ्यांबद्दल इथेच. पांडुरंगाची माळ गळ्यात पडली आणि दारू कायमची सुटली अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत, त्या माळेची ताकद कोणी नाकारत नाही. पण रोज दोन क्वार्टर पिणारा आज माळ घालून उद्या दिंडीत चालू लागला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रस्त्यात फिट येऊन पडू शकतो. आधी आठ दिवस औषधांवर अंगातली दारू काढा, मग माळ घाला. माळकऱ्यांनाही हे पटवून द्या, ते ऐकतात.

एक गोष्ट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात हमखास चुकते. थरथरणाऱ्या माणसाला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजची सलाईन लावतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळजवळ संपलेलं असतं. थायमिन न देता ग्लुकोज सोडलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: माणूस गोंधळतो, झोकांड्या देत चालतो, डोळे नीट हलत नाहीत, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. सलाईन लावायच्या आधी विचारा, ‘डॉक्टर, थायमिनचं इंजेक्शन दिलं का?’ त्यांना राग आला तर येऊ दे.

सरकारी दवाखाने, कुठून कुठे

बेळगाव शहर आणि खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल बाजूच्या लोकांसाठी पहिला दवाखाना म्हणजे सिव्हिल, म्हणजे बिम्स. मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे, मानसोपचार विभाग आहे, आणि फिट किंवा डीटी असेल तर रात्रीही कॅज्युअल्टी उघडी असते. पाटी कन्नडमध्ये असली तर ‘मनोरोग विभाग’ असं विचारा, शब्द दोन्ही भाषांत तोच आहे. ‘आम्ही काही वेड्याच्या डॉक्टरकडे जाणार नाही’ ही अडचण प्रत्येक घरात येते. तिच्यावर एकच उपाय: दारूची औषधं देणारा डॉक्टर हाच, दुसरा नाही.

बिम्सच्या पुढचा टप्पा धारवाडचं डिमहान्स. कर्नाटक सरकारची मानसिक आरोग्याची मोठी संस्था, बेळगावहून सुमारे ७५ ते ८० किलोमीटर, हायवेवरून बसने दोन तासांत होतं. हल्याळकडच्या मराठी गावांना तर ते बेळगावपेक्षाही सोयीचं. व्यसनासोबत दुसरा मानसिक आजार असेल, संशय येत असेल, आत्महत्येचं बोलत असेल, किंवा तीन-चार वेळा उपचार होऊन पुन्हा सुरू झालं असेल, तर तिथे जाणं योग्य. त्याच्याही वर बेंगळुरूचं निम्हान्स, तिथे व्यसनांसाठी वेगळा विभाग आहे. पण साध्या केससाठी बेंगळुरूची धावपळ नको, फॉलोअपला कोण दर महिन्याला जाणार?

निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, चाळीस-एक किलोमीटर. तिथल्या सीपीआर या सरकारी इस्पितळात मानसोपचार विभाग आहे आणि बोलणं मराठीत होतं. कागवाड-अथणीकडच्यांना मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज, कागवाडहून वीस-एक किलोमीटर. कारवारला जिल्ह्याचं मेडिकल कॉलेज आहे, आणि गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, मात्र गोव्याबाहेरच्यांना शुल्क किती ते आधी विचारून निघा. बिदर, भालकी, औरादकडे बिदरचं मेडिकल कॉलेज.

तालुक्याच्या ठिकाणीही हात रिकामे नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून कर्नाटकात तालुका इस्पितळात ठरलेल्या वारी, बहुतेक मंगळवारी, मानसोपचार तज्ज्ञ येतात. सरकारने त्याला मनोचैतन्य असं नाव दिलं आहे. निघण्याआधी फोन करून किंवा आशाताईला विचारून ‘या मंगळवारी डॉक्टर येणार का’ ही खात्री करा. दाखल करायची सोय तिथे नसेल, पण दर महिन्याच्या गोळ्या खानापुरात मिळत असतील तर बेळगावच्या फेऱ्या वाचतात.

ओपीडीला जाताना सकाळी लवकर निघा, आणि त्याच्याबरोबर दोघं जा: एक रांगेत उभं राहायला, एक त्याच्याजवळ बसायला. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. दहा वाजता अंग थरथरायला लागलं की तो ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून गेटबाहेर जातो आणि दुपारी दुकानासमोर सापडतो. सोबत आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट, दोन पासपोर्ट फोटो, आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. एका कागदावर लिहा: किती वर्षं, रोज किती, शेवटची कधी, आधी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, बीपी-साखर आहे का. पडल्याची गोष्ट लपवू नका. दारुड्या म्हणून ‘नशेत आहे’ असं समजून सोडून दिलेल्यांत कधीकधी डोक्यात रक्तस्राव निघतो. डॉक्टर रक्त, लिव्हर, साखर, ईसीजी एवढं तरी तपासतील.

पैशाचं. सरकारीत उपचार फुकट किंवा नाममात्र असतात, त्यामुळे योजनेच्या कार्डाची गरज मुख्यतः खासगीत किंवा दुसरीकडे पाठवलं तर लागते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे; पण आधी सरकारी दवाखान्यातून रेफरलचं पत्र लागतं, तातडीची केस सोडून. थेट खासगीत जाऊन नंतर कार्ड दाखवलं तर हात हलवत परत यावं लागतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला, त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ भाषणं झाली. योजना उपचारांच्या ठरलेल्या यादीवर चालते. दाखल होण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून ‘दारूचं व्यसन या यादीत आहे का’ एवढं उत्तर घ्या, भाषणांवर विसंबू नका. खासगी आरोग्यविमा असेल तर पॉलिसीत ‘एक्सक्लूजन १२’ शोधा. दारू आणि नशेच्या उपचारांना वगळणारं कलम तेच.

फोन

१४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर. आपल्या जिल्ह्यात सरकारी मदतीवर चालणारं केंद्र कुठे आहे ते इथे विचारा. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी संस्थांची निवासी केंद्रं असतात, इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांना आयआरसीए म्हणतात, आणि तिथे उपचार, राहणं, जेवण मोफत असतं. अशा केंद्रात पैसे मागितले तर पावती मागा. बहुधा मागणी तिथेच विरते. खाटा मात्र मोजक्या असतात, म्हणून ‘जागा कधी होईल’ हे विचारून नाव लावून ठेवा.

१४४१६ हा टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, भाषा निवडताना मराठी निवडा. तो पिणारा बोलायला तयार नसला तरी बायकोने, आईने फोन केला तरी चालतो. घरात मारहाण होत असेल तर १८१, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. नवऱ्याचा उपचार चालू आहे म्हणून मार सहन करायचा असा कुठलाही नियम नाही.

खासगी केंद्राला फोन करण्याआधी

बेळगावात केएलईसारख्या मोठ्या खासगी इस्पितळात मानसोपचार विभाग आहे, आणि शहरात खासगी मानसोपचार तज्ज्ञ आहेत. अंगातली दारू काढायला परवडत असेल तर हे ठीक. कस लागतो तो ‘व्यसनमुक्ती केंद्र’ अशी पाटी असलेल्या निवासी ठिकाणांचा. त्यात उत्तम आहेत आणि भयंकरही आहेत, आणि दोन्हींचे बोर्ड सारखेच रंगवलेले असतात.

फोनवर पहिला प्रश्न: मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का, नंबर काय? त्या कायद्यात दारू आणि ड्रग्जचे आजार येतात, त्यामुळे माणसं ठेवून उपचार करणाऱ्या ठिकाणाला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ‘आमचं ट्रस्ट रजिस्टर आहे’ हे उत्तर नव्हे. ट्रस्ट तर भजनी मंडळाचाही असतो.

दुसरा: पहिल्या पाच दिवसांत डॉक्टर किती वेळा बघतात, रात्री नर्स असते का, फिट आली तर कुठल्या दवाखान्यात हलवता? ‘आमच्याकडे औषध लागतच नाही, योगा आणि मनोबल’ असं म्हणणाऱ्याकडे रोज दोन क्वार्टरवाला माणूस पाठवू नका.

तिसरा: ‘तो यायला तयार नाही, काय करायचं?’ इथे नीट कान देऊन ऐका. ‘काळजी करू नका, पत्ता द्या, आमची पोरं येऊन उचलून नेतील’ असं उत्तर आलं की फोन ठेवा. तयार नसलेल्याला दाखल करायचा कायदेशीर मार्ग त्याच कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहे: नियुक्त प्रतिनिधीचा, बहुधा घरच्याच माणसाचा, अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी ज्यांतला एक मानसोपचार तज्ज्ञ, आणि तेही माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या किंवा स्वतःची काळजीच घेऊ न शकण्याच्या अवस्थेत असेल तर. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. चार धट्टीकट्टी पोरं आणि एक बोलेरो यात कुठे बसत नाहीत. बांधून ठेवायला साखळी वापरणं तर कायद्याने साफ बंद आहे.

मग पैसे. महिन्याचं पॅकेज सांगतील तेव्हा औषधं, तपासण्या, दवाखान्यात हलवलं तर तो खर्च त्यात आहे का, आणि दहाव्या दिवशी घरी नेलं तर किती परत, हे लिहून घ्या. खासगी दवाखान्यांना कर्नाटकात दरपत्रक लावावं लागतं. भेटायला कधी देतात हेही विचारा. सुरुवातीचे काही दिवस फोन बंद ठेवणं समजू शकतं. पण महिनाभर भेट नाही, फोनवर शेजारी कोणीतरी उभं, आणि जागा आतून बघू देत नाहीत, असं असेल तर पैसे वाचवा. एकदा जेवणाच्या वेळेला न कळवता जाऊन बघा: ताटं, संडास, औषधांचं कपाट, आणि आत राहणाऱ्यांचे चेहरे. निघताना डिस्चार्जचा कागद मिळतो का विचारा. ज्या ठिकाणी कागद देत नाहीत तिथे औषध काय दिलं हे पुढच्या डॉक्टरला कधी कळत नाही.

धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेची मद्यवर्जन शिबिरं गावागावांत भरतात, साधारण आठ दिवसांची. गावकरी एकत्र येतात, माणूस आपल्याच लोकांत राहतो, हा त्यांचा मोठा गुण. ज्याला आधी फिट आलेली आहे किंवा प्रमाण फार आहे त्याने मात्र तिथे जाण्याआधी सिव्हिलमध्ये दाखवावं आणि शिबिराच्या लोकांना आधीच सांगावं.

आमटीत गोळी घालणं

हा प्रकार आपल्याकडे इतका चालतो की वेगळं लिहावं लागतं. ‘त्याला कळू न देता द्या, दारूचा वासही नको वाटेल’ असं सांगून पुडी विकली जाते, किंवा मेडिकलमधून डायसल्फिरामच्या गोळ्या आणून आमटीत, ताकात कुस्करून घालतात.

डायसल्फिराम चांगलं औषध आहे, पण ते दारूची ओढ कमी करत नाही. शरीरात दारू पचताना मध्येच एक विषारी पदार्थ तयार होतो, तो पुढे पचू न देण्याचं काम हे औषध करतं. म्हणजे त्यावर दारू घेतली की तोंड लाल होतं, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी पडतं, आणि कमजोर हृदयाचा माणूस मरूही शकतो. त्याला माहीतच नसेल तर तो पिणारच. माहिती असण्यातच या औषधाची ताकद आहे: ‘आज गोळी घेतलीय, आता पिता येणार नाही’ हे रोज सकाळी त्याचं त्याला कळतं.

सही करून, समजून घेतलं तरीही: शेवटच्या घोटानंतर १२ तासांच्या आत सुरू करायचं नाही, हृदयाचा किंवा लिव्हरचा गंभीर आजार असेल तर नाही, आणि गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारूशी रिॲक्शन होऊ शकते. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट असली आसवं-अरिष्टंही त्यात येतात, ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून सूट नाही.

ओढ कमी करणारी औषधं वेगळी. नॅलट्रेक्सोन, साधारण दिवसाला ५० मिलिग्रॅमची एक गोळी, जिच्यामुळे दारूची मजाच कमी वाटायला लागते. अकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, किडनी ठीक असेल तर. डॉक्टर यांतलं काही सुचवत नसतील तर आपणहून विचारावं.

घरी आल्यावर

दवाखान्यातून आलेला माणूस पंधरा दिवसांनी ताजातवाना दिसतो, भूक लागते, शेतात जातो, आणि घरचे गोळ्या बंद करतात, ‘आता बरा झाला की’. सगळ्यात जास्त घरं इथे घसरतात. डोक्यातली दारू अजून तशीच आहे. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, मग वर्षभर महिन्याला डॉक्टर, हे कॅलेंडरवर आधीच लिहून टाका. आणि धोक्याच्या तारखाही लिहा: ऊसतोडीचा पगार हातात येण्याचा दिवस, गावची जत्रा, भावकीतलं लग्न, गोव्याला जाणारी मित्रांची गाडी. त्या दिवसांत खिशात रोख पैसे कमी आणि सोबत एक न पिणारा माणूस, एवढी तयारी पुरेशी होते.

भाषेचा प्रश्न इथे येतो. समुपदेशन कन्नडमध्ये चालू असेल आणि त्याला कन्नड बाजारापुरतंच येत असेल, तर तो मान हलवत बसतो आणि घरी येऊन काही सांगत नाही. सरळ विचारा: मराठी बोलणारा समुपदेशक आहे का? बेळगावात असणं अवघड नाही. नसेल तर औषधं बेळगावला आणि बोलणं कोल्हापूर-मिरजेला असं वाटून घ्या. पुण्याचं मुक्तांगण, १९८६ पासूनचं, मराठीत निवासी उपचार देतं. पहिल्यांदा दाखल होण्याआधी तिथली प्रतीक्षा आणि फी फोनवर विचारून घ्या.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, फुकट आहे. नाव-गाव सांगावं लागत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मध्ये टोपली फिरते, टाकले तर टाकले. पहिल्या मीटिंगला तो कोपऱ्यात गप्प बसून येईल आणि ‘काही अर्थ नाही’ म्हणेल. सहा मीटिंगा तरी करायला लावा. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळी असते.

ड्रग्ज असतील तर

गांजा, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, शाळकरी पोरांत व्हाईटनर आणि सोल्युशन. कोर्टाची भीती वाटते म्हणून घरचे महिनोन्महिने लपवतात. अंमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये अशी तरतूद आहे की सेवनाचा किंवा कमी प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन पूर्ण करत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाते. दवाखान्याने माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. कागदपत्रं करताना वकील नसेल तर मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलमसारख्या, दारूसारख्याच अचानक थांबवायच्या नसतात, फिट येते. डॉक्टर आठवड्याआठवड्याने कमी करतात. हेरॉइन किंवा अफूच्या जातीचं काही असेल तर ते सोडताना हाल होतात, जीव सहसा जात नाही. जीव जातो तो नंतर: महिनाभर बंद ठेवून पुन्हा पहिल्याइतकंच घेतलं की. शरीराची सवय उतरलेली असते. केंद्रातून घरी येणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना हे वाक्य स्पष्ट सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी १०९८.

निपाणीकडे तंबाखू आणि मिश्री हा घराघरातला विषय, त्याचा टोल फ्री नंबर वेगळा: १८००-११-२३५६. दारूच्या उपचारात असतानाच तंबाखूही सोडवायची का, हे डॉक्टर ठरवतील. दोन्ही एकदम पेलत नसेल तर आधी दारू.

पुन्हा प्याला तर त्या रात्री भांडू नका, आणि डायसल्फिराम चालू असेल तर तिची पुढची गोळीही देऊ नका. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, चक्कर येऊन पडत असेल तर थेट कॅज्युअल्टी, तिथे ‘डायसल्फिरामवर दारू घेतली’ एवढं पहिलं वाक्य बोला. काही त्रास नसेल तर किती घेतली आणि किती वाजता, ते त्याच कागदावर खाली लिहा आणि सकाळी त्याच डॉक्टरकडे तो कागद घेऊन जा.